गोधडीचं इन्स्पेक्शन

गुन्हा मी दिवसाढवळ्या केला, आणि तोही शीळ घालत.

बायको भाचीच्या लग्नासाठी रायपूरला गेली होती. जाताना तिने तीन गोष्टी बजावल्या होत्या. दूध उतू घालवू नका, बाबांची गोळी विसरू नका, आणि बाबांच्या गोधडीला हात लावू नका, मी आल्यावर ती टबात हाताने धुईन. दूध उतू गेलं नाही. गोळी वेळेवर दिली. तीनपैकी दोन म्हणजे फर्स्ट क्लास, असा हिशेब करून मी गोधडी नव्या वॉशिंग मशीनमध्ये कोंबली, बटन 'हेवी'वर फिरवलं आणि चहा ठेवायला गेलो. मला वाटलं होतं, बायको परत येईल तेव्हा दोरीवर गोधडी वाळत असेल आणि मी तिच्या शेजारी सहज उभा असेन. नाटकात कामं करणाऱ्या माणसाला असल्या प्रवेशांचा मोह पडतो. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात गेली वीस वर्षं मी एक तरी प्रवेश असा चोरतोच.

मशीन थरथरत बाथरूमच्या दारापर्यंत चालत आलं. झाकण उघडलं तेव्हा आत गोधडी नव्हती. ओला लगदा होता. चिंध्या, दोरे, आणि एका कोपऱ्याचा तेवढा शाबूत तुकडा.

ती गोधडी माझ्या आईने शिवलेली होती. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. ती गेल्यावर बाबा पद्मनाभपूरचं घर बंद करून आमच्याकडे नेहरू नगरला आले, ते एक सुटकेस आणि ही गोधडी घेऊन. सुटकेस त्यांनी मला वर ठेवू दिली. गोधडी मात्र त्यांनी मला उचलू दिली नव्हती. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी बाबांसमोर गेलो. मनात एक मोठा संवाद तयार केला होता, त्यात पश्चात्ताप होता, विराम होता, मान खाली घालणं होतं. प्रत्यक्षात तोंडातून एवढंच निघालं, "बाबा, गोधडी फाटली. मशीनमध्ये."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बरं," म्हणाले.

त्या दिवसापासून बाबा दुपारी झोपेनासे झाले.

हे किती मोठं संकट होतं ते कळायला आमचं जुनं घर माहीत पाहिजे. बाबांनी सारी नोकरी स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये काढली, इन्स्पेक्शनला. रूळ तयार होऊन आला की त्याला गाल लावल्यासारखं वाकायचं, एक डोळा मिटायचा आणि दुसऱ्या डोळ्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायचं. सरळ आहे का. नसेल तर खडूने फुली. काम शिफ्टमध्ये असायचं आणि नाइट शिफ्ट आली की बाबा दिवसा झोपायचे. सेक्टरमधलं आमचं क्वार्टर तेव्हा मुक्यांचं घर व्हायचं. आई कुकरची शिट्टी वाजू द्यायची नाही. मी आणि माझी बहीण खुणांनी भांडायचो. आणि पलंगावर गोधडीचा एक डोंगर असायचा, डोक्यापासून पायापर्यंत बंद, त्याच्या आत बाबा. मे महिन्यातसुद्धा, कूलर लावून, डोक्यावरून गोधडी.

रिटायर झाल्यावर नाइट शिफ्ट संपली, पण दुपारची झोप राहिली. जेवण, गोधडी, साडेचारला चहा. ऐंशीच्या वयातही त्यांची तब्येत या तीन खांबांवर उभी होती आणि त्यातला मधला मी पाडला होता.

मी सिव्हिक सेंटरच्या बाजारात जाऊन रजई आणली. बाबांनी तिच्यात एक दुपार घालवली आणि म्हणाले, "हे त उडून राहिलं बापा. वजनच नाही." मग मी ब्लँकेट आणलं. "टोचते." मग त्याहून महाग ब्लँकेट आणलं. त्याची घडी त्यांनी उघडलीसुद्धा नाही. जेवण झालं की ते व्हरांड्यातल्या खुर्चीत ताठ बसायचे, फाटकाकडे तोंड करून, आणि चारच्या सुमारास त्यांची मान गळायची, मग दचकून परत वर यायची. पंधरा दिवसांत त्यांचा चेहरा उतरला. संध्याकाळचं फिरणं बंद झालं. एकदा जेवताना त्यांच्या हातातला घास हातातच राहिला आणि डोळे मिटले.

त्या दिवशी मी जाहीर केलं की गोधडी मी शिवणार.

"तुम्ही?" बायको म्हणाली. "तुमच्या शर्टचं बटन कोण लावते?"

"तू दाखव ना मग, कसं करायचं ते."

"मी नाही. मी सांगून गेली होती. तीनच गोष्टी सांगितल्या होत्या. अब भुगतो."

न्याय होता. मी भोगायला बसलो.

पद्मनाभपूरच्या घरातून आईच्या साड्यांची पेटी आणली. तिच्या शेवटच्या वर्षांतल्या सुती साड्या, सगळ्या फिक्या, मोतिया, बदामी, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. मोबाइलवर गोधडी शिकवणारे व्हिडिओ पाहिले. त्यातल्या बाया दोन मिनिटांत अशी काही सुई चालवायच्या, की मला वाटलं, रविवारपर्यंत होऊन जाईल. मी प्लांटच्या स्टोअर्समध्ये क्लार्क आहे. जी गोष्ट मोजता येते, ती आटोक्यात येते, असा माझा विश्वास. मी स्टीलची पट्टी काढली, पेन्सिलने साडीवर बोटाबोटाच्या अंतराने रेघा मारल्या. हरवलेल्या सुया शोधायला जुन्या स्पीकरचं लोहचुंबक जवळ ठेवलं. हे चुंबक सोडलं, तर त्या पहिल्या दिवशीची माझी दुसरी कोणतीही गोष्ट पुढे उपयोगी पडली नाही.

सतरंजी अंथरली, तिच्यावर सहा साड्यांचे थर पसरले आणि धावदोरा घालायला सुरुवात केली. सुई खाली, सुई वर. पहिल्या तासात डाव्या हाताच्या बोटाला चार भोकं पडली. दुसऱ्या दिवशी अंगुस्तान आणलं, ते चुकीच्या बोटात घातलं. तिसऱ्या दिवशी बोट बदललं. ड्यूटीवरून आलो की जेवणापर्यंत आणि सुट्टीच्या दिवशी सकाळपासून मी जमिनीवर मांडी घालून बसायचो. दोन रविवार गेले. चौथा हिस्सा झाला तेव्हा मला राहवेना. बायकोला स्वयंपाकघरातून बोलावलं, बाबांना खुर्चीसकट आत वळवलं, घसा साफ केला, गोधडीची दोन टोकं धरली आणि पडदा वर जावा तशी ती उचलली.

गोधडीबरोबर सतरंजीही वर आली.

मी दोन आठवडे गोधडी सतरंजीला शिवत होतो.

बायको पदर तोंडावर धरून आत गेली. भिंतीपलीकडून तिच्या हसण्याचा आवाज बराच वेळ येत होता. पण माझं लक्ष बाबांकडे होतं. बाबा खुर्चीतून उठले होते. महिन्याभरात पहिल्यांदा कशासाठी तरी उठले होते. गुडघ्यावर हात टेकत ते खाली बसले, गोधडीच्या कडेला गाल लावला, एक डोळा मिटला.

"वाकडी आहे," ते म्हणाले.

"बाबा, ती सतरंजीला—"

"ते दिसून राहिलं मले. लाईन वाकडी आहे. इथून डावीकडे गेली, इथून पाह्य, उजवीकडे. खडू आहे का घरात?"

शिंप्याचा खडू मी हौसेने आणून ठेवलेलाच होता. बाबांनी माझ्या पहिल्या ओळीवर फुली मारली. दुसरीवर मारली. शेवटपर्यंत मारत गेले. "सगळं रिजेक्ट," म्हणाले आणि परत खुर्चीत जाऊन बसले. त्यांच्या आवाजात जी तरतरी होती, तिच्यासाठी मी आणखी दहा ओळी वाकड्या घालायला तयार होतो.

पण वाकड्या घालायच्या नव्हत्या. आता मी हट्टाला पेटलो. सगळं उसवलं. आधी थर एकमेकांना मोठ्या कच्च्या टाक्यांनी टाचून घ्यायचे, मग शिवायचं, हे मला सतरंजी उसवताना उमगलं. सुई वर आली की खाली हात फिरवून बघायचा, हेही. शिवताना मध्ये कापडाचा फुगा येऊ लागला, तेव्हा कळलं की टाचताना मधून कडेकडे जायला हवं होतं, मी कडेकडून मध्ये आलो होतो. पुन्हा उसवलं. दोऱ्याची गाठ पडायची म्हणून दोऱ्याला मेणबत्ती घासली. दोरा हातभरच घ्यायचा, आळसाने लांब घेतला तर तो आपल्यालाच गुंडाळतो, हे मी तीनदा शिकलो, कारण आळस तीनदा आला.

रोज संध्याकाळी बाबा तपासायला यायचे. खडू आता त्यांच्या सदऱ्याच्या खिशात राहायचा. मीही सरळपणाच्या मागे असा लागलो, की प्रत्येक टाक्यानंतर दोरा खेचून ताणायचो, तारेसारखा. आणि एक दिवस बाबांनी गाल लावला, डोळा मिटला आणि फुली न मारता उठले.

दुसऱ्याच सकाळी दारावर भाजी घेऊन येणारी बाई आली. डोक्यावरची टोपली उतरवून ती लाल भाजीच्या जुड्या काढत होती. मी ऐटीत गोधडीचा शिवलेला भाग तिच्यापुढे धरला. तिने चिमटीत धरून वाकवायचा प्रयत्न केला. तो वाकला नाही. पत्र्यासारखा परत सरळ झाला.

"ए हा कथरी नोहे भइया," ती म्हणाली, "बोरा आय." आणि बायकोला हळूच विचारलं, की यात धान भरणार का.

कथरी म्हणजे गोधडी, बोरा म्हणजे पोतं. मी आईच्या साड्यांचं पोतं केलं होतं. ती बाई पुढे एवढंच म्हणाली, की दोरा खेचू नको, सोडून दे, तो आपली जागा घेतो. बसून शिकवायला तिला वेळ नव्हता, अजून अर्धी कॉलनी बाकी होती. मी तिसऱ्यांदा उसवलं.

यावेळी बायकोने जाता जाता माझ्याजवळ चहा ठेवला. मदत नाही, चहा. पण ती क्षणभर थांबली. "ठीक दिसून राहिलं आता," म्हणाली आणि स्वतःच्या बोलण्याचा राग आल्यासारखी निघून गेली.

थंडी संपत आली तेव्हा गोधडी पूर्ण झाली. मऊ होती. वजनदार होती. ओळी अशा, की तिच्यावरून मालगाडी न्यावी. बाबांनी चारी बाजूंनी तपासली, खडू खिशातून काढला आणि न वापरता परत ठेवला. जेवण झालं. बाबा आडवे झाले. मी त्यांच्या अंगावर गोधडी घातली, त्यांनी ती डोक्यावरून ओढली. मी रजा टाकलेली होती. मी आणि बायको दाराशी उभे.

दहा मिनिटांनी गोधडीतून डोकं बाहेर आलं.

"उजेड येते," बाबा म्हणाले.

"कुठून?"

"आरपार येते." ते उठून बसले. "चांगली आहे. पक्की आहे. तू मन छोटं नको करू. पण उजेड येते." आणि ते व्हरांड्यात खुर्चीकडे गेले.

मी गोधडी उचलून खिडकीसमोर धरली. मोतिया, बदामी, सगळ्या फिक्या साड्या. सहा थरांमधून खिडकी पिवळट चमकत होती. त्या दिवशी मी कोणाशी बोललो नाही. माझ्या बाबतीत ही बातमी होण्यासारखी गोष्ट आहे. बायकोने खरोखरच कपाळाला हात लावून ताप पाहिला.

जुन्या गोधडीच्या चिंध्या मी टाकल्या नव्हत्या. चादरीत बांधून कपाटावर ठेवल्या होत्या आणि इतके महिने तिकडे बघायची हिंमत झाली नव्हती. आता ते गाठोडं खाली काढलं. तो एक शाबूत कोपरा घेतला, ब्लेडने त्याचे टाके एक एक कापले आणि थर सोडवत गेलो. आई दर काही वर्षांनी जुन्या गोधडीवरच नवी साडी चढवायची, त्यामुळे कांद्यासारखं होतं. वर निळी. तिच्याखाली माझ्या लहानपणीची हिरवी, मला तिचे काठ आठवले. तिच्याखाली एक लाल. आणि सगळ्यांच्या मधोमध काळं.

काळं कापड, त्यावर बारीक पांढरे ठिपके. ठिपके तेवढे विटलेले, काळं अजून काळंच.

बायको शेजारी येऊन बसली. तिने तो तुकडा बोटांनी चाचपला. "ही तर संक्रांतीची आहे," ती म्हणाली. "लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीची. अशीच असते."

मी तो कोपरा घेऊन व्हरांड्यात गेलो. "बाबा, आईची काळी साडी होती का, ठिपक्यांची?"

बाबांनी तुकडा हातात घेतला. "हो. हलव्याचे दागिने घालून फोटो आहे तिचा त्या साडीत." मग त्यांना उमगलं. त्यांनी तो तुकडा डोळ्यांसमोर धरला, उन्हाकडे. बराच वेळ तसाच धरून ठेवला. "मी म्हनत होतो, ते साडी गेली कुठं. तिले विचारलं बी होतं एकदा. म्हने, भांडेवालीले देल्ली."

"तुमच्या झोपेसाठी घातली तिने आत."

बाबांचा अंगठा ठिपक्यांवरून फिरत राहिला. मला गंभीर होऊन बसणं फार वेळ जमत नाही, म्हणून मी तुकडा उलटा केला. "आणि आता हे टाके पाहा. लावा गाल. सरळ आहेत?"

बाबांनी एक डोळा मिटला. आईचे टाके कसेही गेले होते. एक लांब, एक आखूड, मध्येच एक ओळ दुसरीला जाऊन भेटलेली.

"माझ्या सगळ्या ओळी रिजेक्ट केल्या तुम्ही," मी म्हणालो. "हे चाळीस वर्षं कसं पास केलं?"

"तिले रिजेक्ट करून मी जेवलो असतो कुठं?" बाबा म्हणाले. तुकडा मात्र त्यांनी परत दिला नाही. मला दोनदा मागावा लागला.

आता काळं हवं होतं. आईच्या साडीचे जे तुकडे वाचले होते, ते जोडून चादरीच्या चौथ्या हिश्श्याएवढं कापड झालं, म्हणजे चेहऱ्यावर येईल तेवढं. बाकीच्यासाठी दुकानात जाता आलं असतं. पण नवं कापड कडक, त्याला मुरायला वर्षं लागतात, आणि बाबांकडे माझ्या चुकांसाठी किती वर्षं शिल्लक आहेत, हा विचार मला तेव्हा पहिल्यांदा शिवला. जुनं, मऊ, काळं सूत हवं होतं. ते घरात एकाच ठिकाणी होतं.

मी कपाटातून माझा यमाचा अंगरखा काढला. मंडळाच्या नाटकात मी चार वेळा यम झालो आहे. अंगरखा पायघोळ, सुती, काळाकुट्ट, आणि माझ्या मापाचा म्हणजे दोन माणसांच्या मापाचा.

बायकोने कात्री माझ्या हातातून काढून घेतली. "अहो, ऐंशी वर्षांच्या माणसावर यमाचे कपडे घालता? कावून असं करून राहिले तुम्ही?"

"यम आधीच अंगावर असला की दुसरा कशाला येईल? येऊन बघेल, म्हणेल, इथे ड्यूटीवर माणूस आहे, आणि परत जाईल."

ती हसली नाही. अंगरखा मात्र तिने घेतला आणि तीन वेळा गरम पाण्यात, मीठ घालून धुतला. "रंग गेला तर बाबांची दाढी काळी होईल," एवढंच म्हणाली. चौथ्या पाण्यात रंग आला नाही, तेव्हा तिने कात्री परत दिली.

मी चौथ्यांदा उसवलं. मालगाडी जाईल अशा त्या ओळी मी स्वतःच्या हाताने कापल्या, एक एक. मधोमध काळा थर घातला, डोक्याकडे आईचे ठिपके, पायाकडे यम. टाचलं, मधून कडेकडे. शिवायला बसलो. पट्टी घेतली नाही. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसायचे. खडू खिशात, पण हात खिशात जात नव्हता. कधी म्हणायचे, "डावीकडे चालला." मी म्हणायचो, "जाऊ द्या." ते म्हणायचे, "जाऊ दे."

होळी होऊन गेली आणि एका रविवारी शेवटची गाठ पडली. यावेळी पडदा नाही, घसा साफ करणं नाही. जेवण झालं. मी गोधडी पलंगावर ठेवली आणि बाहेर आलो. बाबांनी ती डोक्यावरून ओढली.

पाच मिनिटं. दहा. वीस. मी दाराच्या फटीतून पाहिलं. पलंगावर डोंगर होता, डोक्यापासून पायापर्यंत बंद. तो सावकाश वर जात होता, खाली येत होता. आणि त्याच्या आतून घोरणं येत होतं, जुनं, ओळखीचं.

बायकोने गॅसवरचा कुकर बंद केला, शिट्टीच्या आधी. पुढच्या गल्लीत भंगारवाल्याची हाक ऐकू आली, तसा मी अनवाणी फाटकाकडे धावलो आणि तो वळणावर दिसताच दोन्ही हातांनी असे काही हावभाव केले, की तो बिचारा सायकल उलटी फिरवून गेला. मग आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसलो आणि खुणांनी भांडलो. भांडण यावर होतं, की अंगरख्याचं बाबांना सांगायचं का. ती जिंकली. सांगायचं नाही.

साडेचारला बाबा उठले. चहा घेतला. चेहऱ्यावर उशीच्या घडीची रेघ उमटली होती.

"पायाकडच्या कोपऱ्यात तीन टाके सुटले," ते म्हणाले. "आणि आतमंधी तुझा तो नाटकाचा डगला आहे. बाहीची शिलाई लागते पायाले."

बायको चहाच्या कपात बघू लागली. मी सुई-दोरा आणायला उठलो. परत आलो तेव्हा बाबा गोधडीची घडी छातीशी धरून बसले होते. मी हात पुढे केला.

"आज राहू दे," बाबा म्हणाले. "उद्या पाहू."